चार नंबरचा माइक

बस कंपनीच्या सभागृहात हेडफोनबाई आणि तिचा नवरा सकाळी नऊलाच सामान घेऊन पोचले. बाईचं खरं नाव फारसं कोणी विचारत नसे. हेडफोन ती जेवतानासुद्धा गळ्यातच ठेवी, म्हणून हे नाव पडलं. नवरा कॅमेरे लावी आणि पडद्यावर कुठलं चित्र जायचं ते ठरवी; आवाज सगळा तिच्याकडे. दोघांचं काम आवाज आणि चित्र जुळवणाऱ्या एकाच मिक्सरवर, त्यामुळे बावीस वर्षांचा संसार कोपराला कोपर लावूनच झाला होता.

त्या दिवशी कंपनीची वार्षिक सभा होती आणि ती सगळ्या डेपोंतल्या पडद्यांवर थेट दिसणार होती. तिने चार माइक जोडले: तीन मंचावर, चौथा खाली, कर्मचाऱ्यांसाठी. प्रत्येकापुढे शिपायाला उभं करून आकडे म्हणायला लावले. मिक्सरवरची आवाजाची पट्टी हिरव्यात नाचावी, जोर लावला तर पिवळ्याला शिवावी, पण लाल होऊ नये, असं तिचं गणित. पट्टीवर मात्र तिचा अर्धाच विश्वास. एकेक माइक ती कानात वेगळा घेऊन ऐके. दुसऱ्याची बारीक घरघर पट्टीला कळली नव्हती. तिने ती पकडली आणि वायर बदलली.

तेवढ्यात कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी जवळ आला. चार नंबरवर एक ड्रायव्हर बाई बोलणार आहेत, जरा तोंडाळ आहेत, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ब्रेकचा विषय काढला की आवाज उतरवायचा. तांत्रिक अडचण आली असं आम्ही जाहीर करू.

“तांत्रिक अडचण म्हणजे मी, साहेब,” ती म्हणाली. “बावीस वर्षांत माझ्या हातून कोणाचा आवाज गेला नाही. आज तुमच्यासाठी घालवणार नाही.”

अधिकारी हसला आणि नवऱ्याकडे वळला. कंपनीची वर्षभराची कामं तुमच्याकडेच असतात, एवढीच त्याने आठवण करून दिली. तो गेल्यावर नवरा पुटपुटला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मासा मोठा असला म्हणून पाणी त्याच्या बापाचं होत नाही, असं बाईने सुनावलं आणि हेडफोन चढवला.

सभा सुरू झाली. मंचावरची भाषणं संपल्यावर ड्रायव्हर बाई चौथ्या माइकपाशी आल्या. गणवेश कडक इस्त्रीचा, हातात वही. अकरा गाड्यांचे ब्रेक लागत नाहीत, तीनदा लेखी कळवलं, तरी रोज त्याच गाड्या रस्त्यावर पाठवतात, असं त्या तारखांसकट वाचू लागल्या.

नवऱ्याचं बोट चौथ्या पट्टीखालच्या बटणावर गेलं. आवाज खाली आला. बाईने त्याच्याकडे न बघता तो पुन्हा वर नेला आणि बटणावर तळहात ठेवला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “त्या गाड्यांत माणसं बसतात.”

नवऱ्याने हात मांडीवर घेतला.

मग अधिकारीच तरातरा आला आणि त्याने मिक्सरच्या मागून चौथ्या माइकची वायर उपटली. पट्टी विझली. सभागृहातल्यांना ड्रायव्हर बाईंचा माइकशिवायचा नुसता आवाज ऐकू येत होता, पण डेपोंत आता फक्त हलणारे ओठ दिसत असणार.

कॅमेऱ्यालाही स्वतःचा कान असतो. त्याचा आवाज चित्राबरोबर मिक्सरमध्ये येतो. खोकले आणि खुर्च्यांची करकर नको म्हणून तो बंद ठेवतात. बाईने दोन नंबरच्या कॅमेऱ्याचा आवाज उघडला. पातळ, लांबचा, खोकल्यांसकट, पण शब्द न् शब्द येत होता. अधिकारी हातातल्या वायरकडे बघत राहिला. आवाज कुठून येतोय, त्याला कळेना.

नवरा उठला. हा आता निघून जातोय, असं बाईला वाटलं. तो मात्र सरळ दोन नंबरच्या कॅमेऱ्याकडे गेला, स्टँडची चाकं सोडली आणि कॅमेरा ड्रायव्हर बाईंच्या पुढ्यात नेऊन उभा केला. त्या कॅमेऱ्याची पट्टी हिरव्यात आली.

शेवटची तारीख वाचून होईपर्यंत मंचावरचे फोन वाजू लागले होते. डेपोंतून ड्रायव्हर विचारत होते, त्या अकरा गाड्या कोणत्या. अध्यक्षांना तिथल्या तिथे सांगावं लागलं, की तपासणी होईपर्यंत त्या बाहेर निघणार नाहीत.

दोघं सामान आवरत असताना अधिकारी आला. पुढच्या वेळी तुमची गरज नाही म्हणाला.

“नसू दे,” बाई वायर गुंडाळत म्हणाली. “पण तांत्रिक अडचण आली असं कुठे लिहू नका. आली नव्हती.”

गाडीत बसल्यावर नवऱ्याने किल्ली फिरवली. मग म्हणाला, “सुरुवातीला आवाज जरा पातळच होता.”

“तुम्ही उशिरा उठलात,” ती म्हणाली.