झाकणाच्या आतली खूण

माझ्या काचेच्या कडेला एक टवका आहे. तीळ मधोमध कापला तर अर्धा जेवढा होईल, तेवढाच. पण माझ्यातून पाहिलं की त्या जागी उजेड वाकतो आणि वस्तूच्या कडेला रंगांची बारीक रेघ उमटते. हा टवका कसा पडला ते सांगितलं, की माझी बहुतेक गोष्ट सांगून होईल.

मित्रांनो, मी घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं जुनं भिंग आहे. काळ्या नळीत बसवलेली एक गोल काच, एवढाच माझा पसारा. कारखान्यातल्या एका बाईने मला ओल्या भुकटीवर तीन दिवस घासलं. ही माझ्या जिवावर उठली आहे, असंच मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी तिने माझ्यातून स्वतःच्या बोटावरच्या रेषा पाहिल्या, दहापट मोठ्या, आणि ती हसली. मग मीही राग सोडला.

मी घड्याळजींच्या दुकानात आलो तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. दुकान अरुंद होतं. एक टेबल, एक खुर्ची, आणि ऊन न येता नुसता उजेड येणारी एक खिडकी. घड्याळजी येशूला मानणारे होते आणि त्यांची एक रीत होती. रोज सकाळी दुकानाचं दार उघडण्याआधी ते मला डोळ्याला लावत, कुठलीही एक लहान वस्तू पाहत आणि तिच्यासाठी देवाचे उपकार मानत. एखादा स्क्रू, मुंगीचा पाय, बाहीचा सुटलेला धागा, काहीही. "ज्याचे आभार मानायचे, ते आधी नीट पाहावं," ते म्हणत.

त्यांची बायको गेली त्या आठवड्यातही ही रीत मोडली नाही. तिच्या फणीत एक केस अडकला होता. तो त्यांनी इतका वेळ पाहिला की माझी काच आतून धुरकटली. मग ते म्हणाले, "प्रभू, तेवीस वर्षं दिलीस. उपकार." आवाज फाटलेला होता, पण शब्द पुरे होते. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने "आमेन" म्हटलं.

ही मुलगी चौदाव्या वर्षापासून काम शिकत होती. घड्याळ दुरुस्त केलं की त्याच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरायची, हे बापाने तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "ज्याचा हात लागला, त्याची खूण. त्यात लबाडी नाही." त्यांची खूण होती छोटा क्रूस. मुलीने आपली खूण म्हणून त्याच क्रूसाखाली एक टिंब दिलं. पण खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ते बसत. मुलगी गिऱ्हाइकं पाही आणि उभ्यानेच पट्टे बदलून देई.

मग एके दिवशी मी त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर पडलो. हाच तो टवका.

"टेबल हललं," घड्याळजी म्हणाले आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पुढच्या आठवड्यात चिमटा पडला. आणखी एक घडी.

"बाबा, थोडे दिवस मी बसू का खुर्चीवर?"

"पुढच्या महिन्यात बघू."

असे पुढचे महिने किती आले आणि गेले! शेजारचा न्हावी दारातून डोकावून म्हणे, "घड्याळजी, पुठ्ठा आवरा, नाहीतर टेबल छताला लागेल. आणि हात हलत असेल तर सांगा बरं. माझा हलला तर गिऱ्हाइकाचा कान जाईल, तुमचं काय जातंय?" घड्याळजी हसत आणि हात टेबलाखाली घेत.

एकदा नर्सबाईंचं घड्याळ आलं. त्यावर त्या रोग्यांची नाडी मोजत. आतली केसाइतकी बारीक स्प्रिंग घड्याळजींच्या चिमट्याखाली गुंतली, आणि त्यांना ते दिसलंच नाही. दुपारी ते आतल्या खोलीत आडवे झाल्यावर मुलीने मला डोळ्याला लावलं, तासभर श्वास रोखून ती स्प्रिंग सोडवली आणि झाकण बंद केलं. त्या दिवसापासून रोज दुपारी हेच.

न्हाव्याच्या नजरेतून काही सुटत नाही. "सांगत का नाहीस गं त्यांना?"

"काका, आई गेल्यावर त्यांच्याकडे हा हातच उरलाय. तोही काढून घेऊ?"

मित्रांनो, मला मात्र सकाळी जड जाई. घड्याळजी दुरुस्त झालेलं घड्याळ पाहून म्हणत, "प्रभू, हात अजून चालतोय. उपकार." मुलगी मान खाली घालून उभी राही. "आमेन" मात्र तिच्या तोंडून निघत नसे. घड्याळजी क्षणभर वाट पाहत आणि दार उघडत.

काही महिन्यांनी नर्सबाई परत आल्या. "सेकंदाचाही फरक नाही हो! जरा आतून पुसून द्या."

घड्याळजींनी झाकण उघडलं आणि मला डोळ्याला लावलं. आत क्रूस होता. क्रूसाखाली टिंब होतं. आपण हे काम लपवून करतो आहोत, हे मुलीच्या जिभेला ठाऊक होतं. सुईला लबाडी शिकवलेलीच नव्हती.

त्यांनी घड्याळ आतून पुसून दिलं. नर्सबाई गेल्यावर त्यांनी फळीवरची तयार घड्याळं एकेक उघडली. अकरा होती. अकराही झाकणांत टिंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर स्वतःचा उजवा हात धरला. इतक्या वर्षांत तो त्यांनी माझ्यातून एकदाही पाहिला नव्हता. मी काहीच लपवलं नाही. थरथर दहापट दाखवली, आणि बोटांवरचे जुने घट्टेही.

"प्रभू, या हाताने चाळीस वर्षं काम केलं. उपकार. आता तो थरथरतोय. मला ते मुळीच आवडलेलं नाही, हे तुला सांगतो. टेबल कधीच हललं नव्हतं, हेही सांगतो. आणि मी रोज ज्या हातासाठी तुझे आभार मानत होतो, तो माझा नव्हता. तरी आभार खरेच होते. ते तिच्या हाताच्या नावावर घे."

"आमेन," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही, इतका तो मोकळा होता.

घड्याळजींनी वाकून पुठ्ठा ओढून काढला. टेबल जमिनीवर चारही पायांनी घट्ट बसलं. मुलगी म्हणाली, "बाबा, या पुठ्ठ्यामुळे स्क्रू घरंगळत होते, माहितीये? रोज रांगत शोधायचे मी!" घड्याळजी हसायला लागले. डोळे पुसत हसत राहिले.

मित्रांनो, भिंग मऊ कापडाने पुसा, वाळू लागलेल्या हाताने धरू नका. आणि माझ्यासारख्या टवका गेलेल्याला लगेच फेकू नका. त्यातूनही पुष्कळ दिसतं.

घड्याळजींनी मला मुलीच्या तळहातावर ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बस, पोरी. आजपासून ही जागा तुझी. गिऱ्हाइकं मी बघतो."