तांबडीची पिल्लं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक बरणी समोर आणा. लोणच्याची असते तशी, काचेची, रुंद तोंडाची. तळाला वाळू, वाळूवर खापराचा तुकडा, कडेला पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. आता त्या खापराखालून एक विंचू बाहेर येतो आहे असं समजा. लाल रंगाचा, नांगी वर वळवलेली. त्याच्या पाठीवर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं काहीतरी पांढरं आहे. नीट बघा. त्या कण्या हलताहेत.

"माय, तांबडीले पोरं झाली," रूपाली म्हणाली.

सुनंदाबाई भाकर थापत होती. पिठाच्या हातानंच ती बरणीपाशी आली. लेकीनं नाव ठेवलं होतं तांबडी, म्हणजे ती मादीच आहे हे रूपालीनं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते खरं निघालं. विंचवाची मादी अंडी घालत नाही. तिला जिवंत पिल्लं होतात आणि जन्मली की ती आईच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकेपर्यंत तेच त्यांचं घर.

"हात नही लावायचा," सुनंदाबाई म्हणाली.

"मले माहीत आहे. पाणी बी मी काडीनंच टाकते."

झुरळं पकडायची, ओला बोळा बदलायचा, बरणी उन्हातून सावलीत सरकवायची, हे सगळं रूपालीच करायची. आपली लेक विंचू पाळते आहे असं सुनंदाबाईला वाटायचं. तिनं स्वतः मात्र तो पाळायला आणला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात तिचा नवरा अभिमन रावेरजवळच्या एका बागेत केळीचे घड वाहत होता. वाळक्या पानांच्या ढिगावर घड टेकवायला वाकला आणि बोटाला डंख बसला. थोड्या वेळात अंगावरून घामाच्या धारा, मग उलट्या. बांधाला पिकअप उभी होती. मुकादम प्रेमराजनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "विंचूच चावला ना, नाग तर नही? चुना लाव. गाडी भरू दे, मंग तिच्यातच जाय."

गाडी भरली. तोवर अभिमनचे ओठ निळे पडले होते. दवाखान्याच्या फाटकाशी, घडांवर आडवा पडल्या पडल्या तो गेला.

दहाव्याला प्रेमराज आला. "नशीब, वहिनी," म्हणाला, आणि बशीत ओतून चहा प्यायला. चहा सुनंदाबाईनंच करून दिला होता. सगळ्यात जास्त तिला तेच सलत होतं.

त्याच्याच हाताखाली ती अजून कामाला जायची. तुरटीच्या पाण्यात केळीच्या फण्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात लावायच्या. केळीच्या चिकानं बोटं काळी पडली होती. फण्या धुताना तिचे डोळे प्रेमराजच्या पायांकडे असायचे. सगळ्या टोळीत बूट घालणारा तो एकटाच. आणि नव्या बागेत पहिला घड कापण्याआधी पहिल्या झाडाशी नारळ फुटतो, तेव्हा पायात काही घालून कुणी आत जात नाही. मुकादमाचे बूटही बांधावरच राहतात. तिला एवढं पुरेसं होतं. बांधावरच्या वाळक्या पानांत तांबडी दिसली, तेव्हा बाकीच्या बाया ओरडत मागं सरल्या आणि तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण पालथं घातलं.

नव्या बागेत नारळ फुटायचा होता शुक्रवारी.

शेजारच्या लताबाई साखर मागायला आल्या आणि बरणी पाहून दारातच थबकल्या. "पाळता कायले व हे? आन् पाय, पोरं बी झाली. आता ते मायलेच खातीन. पाठीवर बसून पोखरतात. निस्तं टरफल उरते."

आपल्याकडे पुष्कळ लोक असंच मानतात. ते खरं नाही, पण सुनंदाबाई लहानपणापासून तेच ऐकत आली होती. तांबडी मेली तर शुक्रवारी बुटात टाकणार काय?

लताबाई गेल्यावर तिनं खराट्याची लांब काडी घेतली, झाकण उघडलं आणि तांबडीच्या पाठीवरून पिल्लं खाली लोटायला लागली.

"माय, नको व पाडू त्यांले."

"चूप बस. खाऊन टाकतीन तिले."

पिल्लं वाळूत पडली, उताणी झाली, पाय झाडू लागली. तांबडीनं आधी काडीवर नांगी आपटली. काडी वर गेली तशी ती जागच्या जागी थांबली आणि पुढचे दोन्ही चिमटे तिनं वाळूवर टेकवले. पडलेली पिल्लं चाचपडत आली आणि त्या चिमट्यांवरून, डोक्यावरून, एकेक करून पुन्हा पाठीवर जाऊन बसली. मागं राहिलेलं एक येईपर्यंत तांबडी हलली नाही.

"पाह्यलं?" रूपाली म्हणाली. "कोनी कोनाले खात नही."

सुनंदाबाईनं झाकण लावलं. हातातली काडी तिला टाकावीशी वाटेना, धरावीशीही वाटेना.

"माय, शुक्रवारी नको नेऊ तिले."

"कुठी नेते मी?"

"प्रेमराजभाऊच्या बुटात." रूपाली बरणीतच बघत होती. "तू बरणीशी बोलते ना. म्या ऐकलं. पोरं खाली उतरू दे आधी, मंग जाय घेऊन. पोरं आपन ठेवू. मी मोठी करीन त्यांले."

"कायले?"

"त्याची पोरगी दिपमाला माह्याच वर्गात आहे. आम्ही चपला बाहीर काढतो वर्गाच्या."

हे ती गणिताचं उत्तर सांगावं तशी म्हणाली. सुनंदाबाईला तिला रागावता आलं नाही. रागवायचं कुठल्या तोंडानं?

शुक्रवारी तिनं बरणी जेवणाच्या पिशवीत घातली आणि निघाली. बागेत टोळी जमली होती. बांधावर चपलांची रांग आणि टोकाला काळे बूट, आत मोजे कोंबलेले. प्रेमराज पहिल्या झाडाशी हात जोडून उभा होता. बुटांत राहून राहून त्याची पावलं पांढरट झाली होती. सगळ्यांची पाठ तिच्याकडे होती.

ती बुटांजवळ बसली. झाकण फिरवलं. तिला त्याची दया आली नाही. पुढंही कधी आली नाही. पण त्या बुटांच्या शेजारी, बंद डोळ्यांनीही दिसावी अशी, वर्गाच्या दाराबाहेरची एक लहान चपलांची जोडी तिला दिसत राहिली, आणि त्या चपलांवर वाकलेली आपली लेक.

तिनं झाकण परत फिरवलं. बागेच्या मागं नाला होता, तिथल्या दगडांत तिनं बरणी उघडून आडवी केली. तांबडी थोडी थांबली, मग पाठीवरचा सगळा भार घेऊन एका सपाट दगडाखाली शिरली.

तिकडे नारळ फुटला.

"उशीर केला, वहिनी," प्रेमराज बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"हो भाऊ," ती म्हणाली आणि फण्या धुवायला बसली. दिवसभर त्याचे बूट तिच्या समोरून येत-जात राहिले, आणि दिवसभर ती त्यांच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी रूपाली दारातच उभी होती. तिनं आधी पिशवी ओढून घेतली.

"झालं?"

"नही."

"मंग तांबडी कुठी?"

"सोडली नाल्यात. पोरांसंगं."

"भ्या वाटलं तुले त्याचं?"

"त्याचं नही," सुनंदाबाई म्हणाली. "तुहं."

रूपालीनं पिशवीतून रिकामी बरणी काढली. मग ती मोरीत गेली. बरणी राखेनं घासली, फडक्यानं कोरडी केली, तळाला नवी वाळू घातली. खापर ठेवलं, बोळा भिजवला. आणि उजेड आहे तोवर हातात काडी घेऊन ती घरामागच्या बांधावर गेली आणि एकेक दगड उलटून बघायला लागली.