दुसरं करडू

येडशीतल्या आमच्या संस्थेसमोर टेम्पो उभा होता आणि त्यात धुरपदाबाईंची शेळी चढवत होते. संस्था बायकांना सांभाळायला शेळ्या देते. दोन वेतांत एकेकच करडू झालं, तर ती शेळी परत घेऊन बाजारात विकते; करडं बाईकडेच राहतात. कुठली विकायची, हे मी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम सांगतो.

"बंडप्पा, उतरीव तिला!" धुरपदाबाई आमच्या सुपरवायझरवर ओरडल्या.

"मावशी, कॉम्प्युटरला एकच करडू दिसतंय."

"मग ह्ये दुसरं कुणाचं? तुजं हाय का?"

त्यांच्या दोन्ही काखांत एकेक करडू होतं. मी दारातच थिजले. आत पळत जाऊन यादी खालपर्यंत सरकवली. एकाही शेळीपुढं दुसरं करडू नव्हतं. जुळ्यांसाठी नावाजलेल्या उस्मानाबादी शेळ्या, आणि एकीलाही जुळं नाही?

गावागावांतून येणाऱ्या नोंदींची मूळ एक्सएमएल फाइल उघडली. धुरपदाबाईंच्या शेळीखाली करडाचा टॅग, म्हणजे नोंदीची खूण, एकाखाली एक दोनदा होता. माहिती बरोबर होती. माझ्या प्रोग्राममधल्या 'शेळी' या क्लासमध्ये, म्हणजे प्रत्येक शेळीची माहिती ठेवायच्या साच्यात, मात्र करडासाठी जागा एकच. पहिलं करडू त्या जागेत बसायचं, दुसरं आलं की पहिलं पुसलं जायचं. तिथं कितीही करडं मावतील अशी लिस्ट हवी होती. चूक झाल्याचा साधा इशाराही आला नव्हता. आमच्या घरी म्हशी. म्हैस एका वेळी एकच रेडकू देते. मी तपासायला केलेल्या नमुन्यातही एकच करडू होतं.

बाहेर टेम्पोचा आवाज वाढला.

"थांबवा! बंडप्पा, गाडी थांबवा!"

"आता काय झालं, शिवरंजनी मॅडम?"

"चूक माझी आहे. सगळ्या शेळ्या खाली उतरवा."

बंडप्पांनी फळी टाकली. शेळी उतरली तशी दोन्ही करडं तिच्या कासेला भिडली. मी धुरपदाबाईंपुढं हात जोडले.

"व्हतंय पोरी, येवढं काय," धुरपदाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "पर आमच्या शेजारच्या तारामतीची शेळी गेल्या गाडीत गेली की. ती बी कॉम्प्युटरनंच सांगितली व्हती?"

मी बंडप्पांकडे पाहिलं. त्यांनी फळीकडे बघतच होकारार्थी मान हलवली.

"त्या शेळीला तर तीन झाली व्हती," धुरपदाबाई म्हणाल्या. "तारामती करडांना बाटलीनं दूध पाजतीया बिचारी."