भुवयांनी दिलेला होकार

पर्थच्या बाईंचं पत्र येऊन आठवडा होत आला होता आणि क्रिसान्तोने त्याला उत्तर दिलं नव्हतं. लॅपटॉप उघडला की पहिलं तेच दिसायचं. मग तो उगाच चष्मा पुसत बसायचा.

शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्याने घरूनच व्हर्च्युअल असिस्टंटचा धंदा काढायचं ठरवलं होतं. परक्या देशातल्या माणसांचा पत्रव्यवहार, कागदपत्रं, भेटीगाठींच्या वेळा इथे इलोइलोत बसून सांभाळायच्या. मागची खोली त्याने स्वतः रंगवली. धाकट्या बहिणीला, फेलिसाला, तीच खोली आपल्या खानावळीची पातेली ठेवायला हवी होती. पहिलं गिऱ्हाईक येतंय का पाहू, म्हणून ती थांबली होती. आणि आलेलं गिऱ्हाईक हे एवढंच.

बाई इतिहासाच्या अभ्यासक. पडद्यावरची मुलाखत झकास झाली असं क्रिसान्तोला वाटलं होतं. त्यांनी तीन कामं विचारली आणि तिन्हींना त्याने होकार दिला. पत्रात मात्र लिहिलं होतं, 'तुम्ही सभ्य गृहस्थ आहात, पण माझ्या एकाही प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. काम नको असावं असं समजते. चुकत असेन तर कळवा.'

"उत्तर दिलं नाहीस? मग केलंस काय?" फेलिसाने लसूण सोलता सोलता विचारलं.

"हो म्हटलं."

"कसं म्हटलंस, दाखव बघू."

क्रिसान्तोने भुवया वर उचलल्या.

फेलिसाला हसता हसता ठसका लागला. "अरे मानोंग," थोरल्या भावाला ती अशीच हाक मारायची, "आपलं सगळं गाव भुवयांनी हो म्हणतं, पण पर्थला कुणी कळवलंय का? तिला वाटलं असेल, म्हातारा सारखा दचकतोय."

"मग आता लिहू काय? तुम्हाला कळलं नाही, असं? बाईमाणसाला तोंडावर चूक दाखवू?"

"नको दाखवूस. मी पातेली आणते."

त्याच दुपारी तिने त्याची शिकवणीच घेतली. "बाचोय वाढू?" क्रिसान्तोच्या भुवया वर. नूडल्सच्या त्या गरम रश्श्याचा वाडगा रिकामाच राहिला. "वाढू का म्हणते मी."

"हो."

"मोठ्याने. समुद्र ओलांडून जायचंय त्याला."

"हो, वाढ."

बाकावर जेवणारे ट्रायसिकलवाले खिदळले. त्यांच्यातल्या एकाने मुद्दाम विचारलं, "मानोंग, सोडू का चौकापर्यंत?" क्रिसान्तोचे कान तापले. पण तो बोलला, "नको. आज मला काम आहे." कुणाला इतकं सरळ नको म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

जेवण उरकून तो खोलीत जाऊन बसला आणि बाईंचा एकेक प्रश्न घेऊन उत्तर लिहू लागला. हस्तलिखितातल्या तळटीपा तपासाल का? हो. त्यात तर त्याचा जन्म गेला होता. ग्रंथालयांशी पत्रव्यवहार सांभाळाल का? हो. माझ्या व्याख्यानांच्या चित्रफिती कापून, जोडून द्याल का?

इथे बोटं थांबली. चित्रफितीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्या दिवशी भुवया आपोआप वर गेल्या होत्या. समोरचं माणूस हिरमुसू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. आता तोच होकार अक्षरांत लिहायचा तर तो डोळ्यांसमोर तसाच राहणार होता.

फेलिसा दारात येऊन उभी राहिली. "लिही हो, आणि मोकळा हो. शिकशील मागाहून."

"मग पहिल्या दोन होकारांवर तिने विश्वास कशाला ठेवायचा, इंदाय?" लाडाने तो बहिणीला असंच म्हणायचा.

"दुसऱ्या कुणाला देईल ती काम."

"देईल कदाचित."

"आणि खोली?"

"खोली माझीच. ही नाही म्हणाली तर मी आणखी कुणाला तरी लिहीन."

भावाचा असा आवाज फेलिसाने कधी ऐकला नव्हता. तिने हात एप्रनला पुसले आणि ती गल्ल्याकडे गेली.

क्रिसान्तोने लिहिलं, 'आमच्याकडे भुवया वर करणं म्हणजे होकार. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिसरं काम मला येत नाही. त्याला मी दिलेला होकार खोटा होता, तो मागे घेतो. पहिली दोन कामं मी उत्तम करीन.'

'उत्तम' त्याने पुसलं. थोडा वेळ तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग तो शब्द पुन्हा लिहिला, खाली आपलं पूर्ण नाव घातलं, आणि पत्र धाडून दिलं.