फाटकाचा दांडा

"ताई, ती तुझी पायरी काढून घे ना. माझा फाळ मोडेल नाहीतर." धाकट्या भावाने ट्रॅक्टरवरूनच सांगितलं.

फाटकवाली दारात उभी होती. "अरे, मग मी उतरू कशी?"

"म्हातारी झालीस का तू? टाक की उडी!" म्हणून तो हसला, अगदी लहानपणीसारखा. तिला राग यायचा तो तिथेच विरघळायचा.

आगगाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, आणि मोकळ्या पट्ट्यावर ज्याने-त्याने हात मारला. फाटकाशेजारची खोली तेवढी साहेबलोक विसरले. नवऱ्यामागे फाटक सांभाळणाऱ्या या बाईला दुसरं छप्पर नव्हतं. धाकट्याचं शेत खोलीला लागून. दर पेरणीला तो हातभर पुढे सरकायचा. आधी वाळत घालायची तार गेली, मग धुण्याचा दगड. दर वेळी "तू म्हणजे माझी आईच गं" म्हणायचा आणि तिच्याच हातचा चहा पिऊन जायचा. खोटं नव्हतं ते, तिनेच त्याला कडेवर वाढवला होता. पण तिने तोंड उघडलं आणि तोही तुटला, तर उद्या अंथरुणाला खिळल्यावर तिला विचारणार कोण?

तिने पहार आणली. दोघांनी मिळून पायरी उखडली. जड बाजू तिच्याकडे आली.

संध्याकाळपर्यंत दारापर्यंत पेरून झालं. भिंतीकडेने पाऊलभर वाट उरली. त्या वाटेच्या तोंडाशी धाकट्याने गवतात पडलेला फाटकाचा जुना तांबडा-पांढरा दांडा आणून कमरेएवढ्या उंचीवर आडवा बांधला. गाडीची शिट्टी ऐकू येत असतानाही हाच दांडा वर धरून तिने त्याचा ट्रॅक्टर आधी सोडला होता, आणि त्यापायी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"अरे, थोडा वर तरी बांध. मला जायला-यायला?"

"वर बांधला तर रस्त्यावरची गुरं खालून घुसतील. तुझं काय, वाकून जायचं." मग तो दांड्यापलीकडे बांधावर टेकला. "ताई, घसा सुकलाय बघ. पाणी आण गं."

तिने तांब्या भरला. दाराची चौकट धरून ती कशीबशी खाली उतरली आणि दांड्याखालून वाकली.

"जपून हं ताई," तो मायेने म्हणाला, "पेरलंय तिथे. पाय पडू देऊ नकोस."

तिने पाऊल आत ओढून घेतलं. तांब्यातलं पाणीही सांडू दिलं नाही.