जखम शिवण्याआधी

त्या ग्रहावर जमीन जिवंत होती आणि त्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ती श्वास घ्यायची, तेव्हा घरं बोटभर वर जायची आणि पुन्हा खाली बसायची. म्हणून तिथल्या फडताळांना उंच कड असे, नाहीतर कपबशांची धडगत नव्हती. लोक जमिनीला ‘थोरली’ म्हणत. वर्षातून एक-दोनदा थोरलीची कातडी कुठंतरी फाटायची. मग ताईला बोलावणं यायचं.

ताई नगर खात्यात टाके घालायची. हातभर लांबीची वाकडी सुई, तेलात मुरवलेला दोर, गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या, एवढाच तिचा संसार. वय एक्कावन्न. खात्यात लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत, पण तिला खऱ्या नात्यानं ताई म्हणणारा एकच होता, तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही सोळाची. हिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, मोठं केलं. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यात खूळ शिरलं.

“कातडीखाली एक जग आहे म्हणतात, ताई. बघून येतो. आठ दिवसांत परत.”

एका जखमेतून तो खाली उतरला आणि पाचव्या दिवशी थोरलीनं ती जखम आपणहून मिटवली. त्याला बावीस वर्षं झाली. ताईनं टाक्यांचं काम धरलं ते त्यानंतर. जखम कुठंही उघडो, पहिली पोचणार ती आपण, एवढाच त्यामागचा हिशेब. स्थळं आली, तिनं नाही म्हटलं. पुढे ती यायचीही थांबली. प्रत्येक जखमेशी ती वाकून त्याच्या नावानं हाक मारायची, ओ येते का बघायची आणि मग सुईत दोर ओवायची.

यंदाची जखम धोबीखान्यामागच्या बोळात फाटली. ताई वाकली तर आत अंधार नव्हता. खोल तळाशी पिवळसर उजेड होता आणि कपडे वाळत घातलेले दिसत होते.

सोबत आलेला मुकादम म्हातारा, निवृत्तीला टेकलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. खाली उतरायला सक्त मनाई होती.

“मी चहा प्यायला चाललोय,” तो म्हणाला. “दोन तास लागतील. माझी चहा प्यायची पद्धतच तशी आहे. त्यानंतर मात्र टाके पडायलाच हवेत, नाहीतर सगळा बोळ नासेल.”

ताई दोराला धरून उतरली. खाली ऊब होती, उबवणीच्या टोपलीत असते तशी. वर थोरलीच्या जाड शिरा मंद उजळलेल्या, त्यांच्याखाली घरं, बायका भाजी निवडत बसलेल्या. तिनं एकीला भावाचं नाव सांगितलं. बाई हसली. “दोर वळणारा? तिसरं दार.”

इतकी सोपी गोष्ट! बावीस वर्षं आणि तिसरं दार!

दारात तो उभा. पोट सुटलेलं, केस मागे हटलेले, पण भुवई उडवायची खोड तीच. त्यानं तिला मिठी मारली, दोघंही हमसाहमशी रडली. बायको आली, दोन मुली आल्या.

“ही तुमची आत्या,” तो म्हणाला.

थोरल्या मुलीनं आश्चर्यानं विचारलं, “आपल्याला आत्या आहे?”

त्याची बायको घाईघाईनं मुलींना आत घेऊन गेली. भावानं उकडलेले कंद पुढ्यात ठेवले. ताईनं ताट जरा बाजूला सारलं.

“वर यायला वाटच मिळाली नाही ना रे?”

त्यानं ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, “दोनदा उघडली होती. अगदी घराजवळ. पहिल्या वेळी धाकटी नुकतीच झालेली.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“दुसऱ्या वेळी काही कारण नव्हतं, ताई. नऊ वर्षं झाली त्याला.”

नऊ वर्षांपूर्वी. शाळेमागची जखम. तिथं तिनं घसा बसेपर्यंत हाका मारल्या होत्या.

“हाक ऐकू आली होती तुला?”

त्यानं मान खाली घातली. “आली. आवाजही ओळखला. वाटलं, एकदा ओ दिली की वर यावं लागेल. आणि मला यायचं नव्हतं. तू लग्न करून सुखात असशील असं म्हणून मनाची समजूत घातली.”

ताईला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं रितं वाटलं, भांडं घासून पालथं घालावं तसं.

“इथंच राहा आता,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला, पण म्हणताना त्याची नजर आतल्या एकुलत्या एक खोलीकडे गेली. तिला ते दिसलं.

“मी वर गेले नाही तर बोळ नासेल,” ती म्हणाली. मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला. तो दोरापर्यंत सोडायला आला. तिनं वर चढायला सुरुवात केली तेव्हा तो खालून “सांभाळून, ताई” म्हणाला आणि ती खरंच सांभाळून चढली.

मुकादम परतला तेव्हा ती निम्मी जखम शिवून बसली होती.

“भेटला?”

“भेटला. सुखात आहे.”

“मग जीव भांड्यात पडला म्हणायचा,” तो म्हणाला आणि मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. दोराचं दुसरं टोक धरून तो तिच्याशेजारी बसून राहिला. शेवटची गाठ तिनं दोनदा मारली.

घरी जाताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घेतला आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्ला, भराभरा, घशाशी येईपर्यंत. मग हात धुतले आणि खुर्चीत बसली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. संध्याकाळ व्हायला बराच वेळ होता आणि त्या वेळाचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.