तीस इंच

“कोपर वाकवा,” दुकानदार म्हणाला, “आणि समजा, पीठ मळताय.”

सिस्टरांनी पर्स नवऱ्याकडे दिली आणि दोन लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या फळीसमोर त्या उभ्या राहिल्या. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला, फळीखालचा एक ठोकळा काढला, त्याच्या जागी दुसरा, जरा पातळ ठेवला.

“आता?”

“अजून थोडं खाली.”

त्याने पुन्हा ठोकळा बदलला. सिस्टरांनी नसलेलं पीठ दोनचारदा दाबलं आणि त्यांचे खांदे आपोआप सैल पडले. दुकानदाराने टेप लावून आकडा कागदावर लिहिला. “तीस इंच. सगळीकडे चौतीस करतात. चौतीसवर काम केलंत तर संध्याकाळपर्यंत मान धरेल तुमची.”

“धरतेच,” सिस्टर म्हणाल्या. “एकतीस वर्षं धरतेय.”

“आणि डावखुऱ्या आहात. पर्स डाव्या हाताने दिलीत. म्हणजे चमचे-सुऱ्यांचा ड्रॉवर डावीकडे.” त्याने तेही लिहून घेतलं.

नवरा खुर्चीत बसून दुकानातली गोळी चघळत होता.

सिस्टरांची उंची चार फूट आठ इंच. हॉस्पिटलात त्यांना मागून ‘टाचणी’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पण ऑपरेशन थिएटरमध्ये टेबल एकदा सर्जनच्या उंचीला लागलं की पाठोपाठ त्यांच्या पायाखाली स्टूल यायचं. कुणाला सांगावं लागायचं नाही. घरी तसं नव्हतं. घरचा ओटा सासूबाईंच्या बेताने बांधलेला. सासूबाई चांगल्या उंचनिंच. त्या गेल्या, ओटा राहिला. सिस्टर एका लाकडी खोक्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. शेगडीपासून नळापर्यंत जायचं तर खोकं पायाने ढकलत न्यायचं. दोनदा त्यावरून घसरल्या, एकदा मनगट मोडलं. प्लास्टर घालणारे डॉक्टर हसत म्हणाले होते, “सिस्टर, आम्ही स्टूल देतो तेव्हा नाही पडत तुम्ही.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट मागितली. मागितली म्हणजे काय, खर्च त्यांच्याच फंडातून होणार होता. “स्वयंपाकघर नवं करायचंय,” त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, “कर की.” दुसऱ्या शहरातल्या मुलाने फोनवर विचारलं, “आई, आता कशाला?” पण आठवड्याभरात तोच म्हणाला, “बरोबर आहे तुझं. करूनच टाक. चांगलं कर.” सिस्टरांना बरं वाटलं.

मग त्यांनी हे काम थिएटर लावावं तसं लावलं. पहिल्या शोरूममध्ये मोठ्या पडद्यावर लिंबाच्या रंगाचं स्वयंपाकघर फिरत होतं आणि टाय लावलेला माणूस सगळं नवऱ्याकडे बघून सांगत होता. “साहेब, हे दार नुसतं ढकला, आपोआप बंद होईल.” सिस्टरांनी विचारलं, “ओट्याची उंची कमी करता येईल?” तो म्हणाला, “मॅडम, कंपनीचं माप ठरलेलं असतं.” तिथून त्या उठल्या. दुसरीकडे दाखवायला ठेवलेल्या दाराचीच खालची कड फुगलेली होती. तेव्हा त्यांनी चार दुकानांतून प्लायचे तुकडे मागून आणले, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून दुकानाचं नाव लिहिलं आणि सगळे बादलीत बुडवले. आठ दिवसांनी दोन फुगले, एकाचे पापुद्रे सुटले, एक जसाच्या तसा राहिला. तो मागच्या गल्लीतल्या या छोट्या दुकानाचा होता.

फिटर निवडायलाही त्या अशाच गेल्या. दुकानदाराने नाव सुचवलं, त्यावर भागवलं नाही. त्याने काम केलेली दोन घरं पाहिली. अनोळखी बायकांची परवानगी काढून त्यांचे ड्रॉवर उघडले, सिंकखाली वाकून टॉर्च मारला. मग फिटरलाच विचारलं, “कधी काम अर्धवट टाकून गेलायत?”

फिटर पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, “एकदा. बायको दवाखान्यात होती तेव्हा. नंतर येऊन पुरं केलं.”

“मग तुम्हीच या,” सिस्टर म्हणाल्या.

या सगळ्या फिरण्यात नवरा बरोबर होता. प्रत्येक दुकानात खुर्ची शोधून बसायचा, विचारलं तर “तुला आवडेल ते” म्हणायचा. बादलीतले तुकडे पाहून हसायचासुद्धा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. तो इतके दिवस आपल्याबरोबर असा फिरतोय, याचंच त्यांना अप्रूप होतं. धाकट्या बहिणीला त्या फोनवर म्हणाल्या, “माणूस बदलतो बघ निवृत्तीनंतर.”

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवराच म्हणाला, “तू आठवडाभर बहिणीकडे जा. इथे धूळ उडणार, तुला खोकला. मी आहे ना लक्ष ठेवायला.”

त्या गेल्या. आठव्या दिवशी सकाळी परत आल्या, चपला काढून थेट आत गेल्या.

स्वयंपाकघर लखलखत होतं. रंग त्यांनी निवडलेला, फिकट राखाडी. कड्या त्यांनी निवडलेल्या. त्या ओट्यापाशी गेल्या, दोन्ही हात वर ठेवले, आणि खांदे कानांपाशी आले. त्यांनी सवयीने पायाने खोकं शोधलं. ते कधीच भंगारात गेलं होतं. डावीकडचा ड्रॉवर ओढला तर तिथे कचऱ्याचा डबा निघाला. चमचे उजवीकडे होते.

“कसं झालंय?” नवऱ्याने बाहेरून विचारलं.

“येते जाऊन,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा चपला घातल्या.

दुकानदार त्यांना पाहून उठून उभा राहिला. सिस्टरांनी आवाज चढवला नाही. थिएटरमध्येही कधी चढवत नसत. “तुम्ही माझं माप घेतलं होतंत,” त्या म्हणाल्या. “मी बाकीची दुकानं सोडून तुम्हाला काम दिलं, ते त्या मापासाठी. तुम्ही फसवलंत मला.”

दुकानदाराने फाइल काढली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. तीसवर काट मारून चौतीस केलं होतं. ‘डावीकडे’वरही काट होती. खाली सही होती. ती सही त्या बँकेच्या कागदांवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकांवर बघत आल्या होत्या.

“साहेब एकटे आले होते,” दुकानदार म्हणाला. “त्याआधी चिरंजीवांचा फोन आला. म्हणाले, घर विकायचंय, घेणाऱ्या कुणालाही चालेल असं करा. नवं स्वयंपाकघर असलं की घर लवकर जातं म्हणाले.” मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“नसेल असंही वाटलं असेल.”

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वाटलं होतं. तुम्हाला एक फोन करायला हवा होता मी. नाही केला.”

सिस्टर तिथेच बसल्या. त्या नवऱ्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या, हे त्यांच्या जरा वेळाने लक्षात आलं.

घरी आल्या तेव्हा नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली न घेता म्हणाला, “कुठे गेली होतीस?”

“घर विकायचं ठरलंय?”

पेपर खाली आला. “ठरलं असं नाही. बोलणं चाललंय. आपण दोघंच, उद्या कुणाला काही झालं तर… मुलाकडे खाली एक खोली आहे, बाथरूम लागून आहे. चांगली हवेशीर आहे.”

“तुम्ही बघून आलात.”

त्याने पेपरची घडी घातली. मार्चमध्ये तो मित्राच्या मुलीच्या लग्नाला म्हणून दोन दिवस गेला होता.

“आणि स्वयंपाकघर?”

“तिकडे सून बघते ना. तुला आता कशाला पाहिजे कटकट? आयुष्यभर केलंस.”

“मग मला दुकानं का फिरू दिलीत?”

“अगं, सांगणारच होतो. तुझा उत्साह बघून धीर होईना. आणि तो म्हणाला, आई करतेच आहे तर सगळ्यांना चालेल असं होऊ दे. वाया जाणार नाही.”

सिस्टरांनी विचारलं, “बादली बघून हसला होतात, तेव्हा माहीत होतं?”

त्याने मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

त्या रडल्या नाहीत. दुपारी त्यांनी फिटरला फोन केला. तो आला आणि दारातच म्हणाला, “मी साहेबांना म्हटलं होतं, बाईंना विचारा. ते म्हणाले, विचारलंय.”

“ते राहू द्या. हे चार इंच खाली येईल?”

फिटरने खाली बसून कपाटांची बैठक पाहिली, ओट्याच्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. “दगड उचलावा लागेल. कपाटं कापायला लागतील, खालची ड्रॉवरची एक ओळ जाईल. नवं काम असं कापायला…” त्याने वाक्य सोडून दिलं. “साहेबांना विचारू?”

“घर दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय विकता येत नाही, आणि मी सही करणार नाही. त्यामुळे इथे काम मीच करणार. कापा.”

दाराशी उभा असलेला नवरा म्हणाला, “मुलाला काय सांगू मी?”

“इतके दिवस काय सांगत होतात ते मला माहीत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “आता काय सांगायचं तेही तुमचं तुम्ही बघा.”

पाच दिवस घरात करवत चालली. या वेळी त्या बहिणीकडे गेल्या नाहीत. तोंडाला मास्क बांधून तिथेच खुर्ची टाकून बसल्या. पाचव्या दिवशी फिटरने टेप लावून दाखवला आणि त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. खांदे जागच्या जागी राहिले. या क्षणाची त्यांनी दोन महिने वाट पाहिली होती. आता तो आला तसा गेला. फिटर कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता, म्हणून त्या म्हणाल्या, “बरोबर झालंय.”

नवऱ्याने मुलाला काही सांगितलं नव्हतं. ते रविवारी कळलं. मुलगा अकराच्या सुमाराला न कळवता आला, बरोबर एक नवरा-बायको होते. “आई, हे जरा घर बघून जातील,” तो आत येता येता म्हणाला. जणू पाहुणेच असावेत.

सिस्टरांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग स्वतःच घर दाखवलं. बाल्कनी, दोन्ही खोल्या, पाण्याची वेळ. शेवटी स्वयंपाकघर. ती बाई उंच होती. तिने ओट्यावर हात टेकला आणि तिला वाकावं लागलं. ती संकोचून हसली. “हे जरा खाली आहे, नाही?”

“हो. माझ्या उंचीचं आहे. आत्ताच करून घेतलं.”

“आत्ताच?” बाईने नवऱ्याकडे पाहिलं. “मग तुम्ही इथेच राहणार आहात?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या मुलाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमची सुट्टी गेली, वाईट वाटतं. चहा घेऊन जा.”

मुलगा दारात उभा होता. त्याने ओट्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

पाहुण्यांनी चहा भराभर घेतला. बाई जाता जाता म्हणाली, “रंग फार छान निवडलाय,” आणि ती मनापासून बोलली होती. त्यांच्यामागे दार लागल्यावर मुलगा म्हणाला, “आई, चार लोकांत असं करायची गरज नव्हती. मला आधी सांगता आलं असतं.”

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या शर्टाची कॉलर मागे दुमडली होती. एरवी त्यांनी ती सरळ केली असती.

“चहा गार होतोय तुझा,” त्या म्हणाल्या.

तो बूट घालून निघून गेला. नवरा त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. सिस्टरांनी ट्रे आत नेला, नळ सोडला आणि पाहुण्यांचे दोन कप विसळले, मग नवऱ्याचा, मग आपला. पाचव्या कपावर साय धरली होती. तो त्यांनी सिंकमध्ये ओतला, धुतला आणि बाकीच्यांच्या शेजारी पालथा घातला.